शिकवलं तिने, टीम लीड झाला तो

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक ३१ वर्षांची, बीकॉम झाल्यापासून बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत (दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवायची सोय करणाऱ्या) एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला, रोज कोपरीतून चालत ठाणे स्टेशनला येऊन पनवेल लोकल पकडते, ऑफिसात कुणाचं काही अडलं की सगळे तिच्याच टेबलाशी येतात, पण मिटिंगमध्ये ती तोंड उघडत नाही आणि यंदा टीम लीडची जागा तिनेच शिकवून तयार केलेल्या मुलाला मिळाली. तुम्हाला "जाऊ दे गं आई" म्हणाली आणि रात्री एकटी रडत बसली. आता तुम्ही विचारताय की ४० हजारांचा पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स लावू का.

नका लावू. उभं कसं राहायचं, हात कसा मिळवायचा, हसून इंग्लिश कसं फेकायचं हे तिथे शिकवतील, पण तुमच्या लेकीची अडचण ती नाहीच. कामात तिला पूर्ण कॉन्फिडन्स आहे, नाहीतर बाकीचे तिला विचारायला आले असते का? अडचण अशी आहे की तिचं काम दिसत नाही. बीएलच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदाच्या, ड्राफ्टमध्ये माल घेणाऱ्या पार्टीचं नाव एलसीतल्या, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रातल्या, नावाशी जुळत नाही हे ती रिलीजच्या आधी पकडते. ते सुटलं असतं तर बँकेने कागद अडवले असते, एक्स्पोर्टरचे पैसे लटकले असते आणि तिकडच्या बंदरात कंटेनर पडून राहून रोजचे चार्जेस चढत गेले असते. पण गोंधळ झाला, धावपळ झाली, कुणीतरी दहा फोन करून निस्तरला की साहेबांना ते दिसतं, आणि गोंधळ झालाच नाही तर साहेबांना वाटतं की काम सोपंच होतं. अशा मुली मी ठाण्यात आणि नवी मुंबईत खूप बघते, ऑफिसं त्यांच्या जिवावर चालतात आणि प्रमोशनच्या यादीत त्यांचं नाव कुणाला सुचत नाही, आणि खरं सांगते, मला ह्याचा राग येतो.

पण सगळा दोष तिच्या स्वभावावर टाकू नका हं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की बायका न्यायाधीश असल्या तरी त्यांना मध्येच तोडलं जाण्याचं प्रमाण पुरुष न्यायाधीशांपेक्षा जास्त आहे. नंतर २०२१ मध्ये कोर्टाने प्रत्येक न्यायाधीशाला प्रश्नांसाठी स्वतःची पाळी द्यायला सुरुवात केली, आणि त्यामागे ह्या अभ्यासाचा वाटा होता असं न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनीच सांगितलं. तिथे ही गत, मग बेलापूरच्या कॉन्फरन्स रूमचं काय घेऊन बसलात.

आता इथून पुढचं तिला वाचायला द्या.

अगं, आईच्या पत्रात एक ओळ आहे, "वजनाचं काहीतरी नवीन आलं तेव्हा ही महिनाभर रात्री उशिरा घरी यायची." म्हणजे ते व्हीजीएमचं असणार ना? १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत, आणि तेव्हा तू नवीकोरी असून शिपरकडून, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून, वजनं कशी मागवायची, कुठल्या फॉरमॅटमध्ये, कटऑफच्या, म्हणजे शेवटच्या मुदतीच्या, किती आधी, हे तुमच्या ऑफिसात बहुतेक तूच बसवलंस. तुझ्या आजच्या मॅनेजरला हे माहितीये? त्यानंतर मॅनेजर बदलले असतील, नवीन माणसाला वाटत असणार की हे आपोआप चालतं. त्याला सांगणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं नाही गं, आपल्या टीममध्ये कुणाला काय येतं हे मॅनेजरला कळायलाच हवं आणि तुझ्याबद्दलची ही माहिती फक्त तुझ्याकडे आहे.

मिटिंगसाठी सांगते, पूर्ण मिटिंग बोलायचं असं काही ठरवू नकोस, एकच वाक्य आदल्या दिवशी लिहून ने आणि ते पहिल्या पाच-दहा मिनिटांत बोलून टाक. जितकं लांबवशील तितकी छातीत धडधड वाढते, आणि तोवर तुझा मुद्दा दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होतं. वाक्य तुमच्या ऑफिसात जी भाषा चालते त्याच भाषेत लिही, अर्धं हिंदी अर्धं इंग्लिश असेल तर तसंच, उगाच भारी इंग्लिश करायला जाऊ नकोस. समजा, "गेल्या आठवड्यात तीन शिपमेंटची वजनं कटऑफच्या दिवशी आली, तिन्ही एकाच शिपरची आहेत, मी आज त्यांच्याशी बोलते आणि बुकिंग कन्फर्म करतानाच वजनाची तारीख मागून घेऊया." बस, एवढंच. ह्यात काय झालं, का झालं आणि काय करायचं तिन्ही आलं आणि मी-मी सुद्धा झालं नाही.

कुणी मध्ये तोडलं तर "एक मिनिट, माझं पूर्ण करते" आणि पुढे बोलत राहायचं. सॉरी म्हणायचं नाही. आवाज चढवायची पण गरज नाही, थांबायचं नाही एवढंच. आणि एक मैत्रीण गाठ, ऑपरेशन्सची असेल, अकाउंट्सची असेल. ओबामांच्या व्हाइट हाऊसमधल्या बायकांनी हे केलं होतं, २०१६ मध्ये पेपरात आलं होतं ते, एकीने मुद्दा मांडला की दुसरी तोच मुद्दा तिचं नाव घेऊन पुन्हा बोलायची, म्हणजे तो मुद्दा विरून पण जात नाही आणि दुसऱ्याच्या नावावर पण चढत नाही. तुम्ही दोघींनी लंच टाइमला ठरवून टाका, तू तिचा मुद्दा उचल, ती तुझा उचलेल. दुसऱ्यासाठी बोलताना आपल्यापैकी बऱ्याच जणींची जीभ लगेच सुटते, त्याचा फायदा घे.

आता अप्रेझल. माझी खात्री आहे की तुझ्या सेल्फ अप्रेझलमध्ये "सर्व कामे वेळेत पूर्ण केली, टीमला सहकार्य केले" असलं काहीतरी आहे, मी वाचलेल्या दहातल्या नऊ फॉर्ममध्ये हेच असतं आणि मुली मनापासून लिहितात, पण त्यातून वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्याऐवजी असं लिही, "ह्या वर्षात इतके बीएल ड्राफ्ट तपासले, त्यातल्या इतक्यांत एलसीशी न जुळणारे तपशील रिलीजच्या आधी पकडले, नवीन दोन जणांना ट्रेनिंग दिलं, ते आता स्वतंत्र काम करतात." त्यातला एक जण आज टीम लीड आहे हे लिहायची गरजच नाही, वाचणाऱ्याला कळेल. आणि हे आकडे मार्चमध्ये आठवत नाहीत, दर शुक्रवारी निघायच्या आधी फोनमध्ये चार ओळी टाकत जा, पनवेल-ठाणे गाडीत बसल्यावर टाक हवं तर.

मग मॅनेजरकडे १५ मिनिटं माग, एकटीने. त्या मुलाचा विषय काढू नकोस, त्याची काही चूक नाही आणि तुला शिकवता येतं हा त्यातला तुझ्या कामाचा भाग आहे. सरळ विचार की पुढची लीडची जागा निघेल तेव्हा मला धरायचं असेल तर तुम्हाला माझ्यात काय कमी वाटतंय. जे सांगतील ते लिहून घे आणि संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाक, "आज आपलं असं असं बोलणं झालं", म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विसरणार नाही.

मागितलं की मिळतंच असं मात्र मी तुला सांगणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या नोकरदारांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात बायका पुरुषांइतक्याच पगारवाढ मागतात असं दिसलं, पण मिळण्याचं प्रमाण पुरुषांचं साधारण २० टक्के आणि बायकांचं १५. म्हणून दोन अप्रेझल नीट मागून बघ आणि तरी पान हललं नाही तर सीव्ही बाहेर काढ. न्हावा शेवा बंदर जवळ आहे तोवर बेलापूर, वाशी, नेरूळ पट्ट्यात एलसी आणि बीएल डोळ्यांखालून घातलेल्या माणसाला काम मिळतं.

एक विचारून ठेवते, पत्रात नाहीये म्हणून. गप्प राहण्यामागे कुणाची भीती असेल, कुणी नको तसं वागत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागतेच, तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते. तसं असेल तर आधी आईशी बोल.

ताई, आता पुन्हा तुम्ही. पाहुणे आले की "आमची ना बोलतच नाही" हे बंद करा प्लीज, तिच्यासमोर तर अजिबात नको. तिला कुणी काही विचारलं की उत्तर तुम्ही देऊ नका, ती थांबली तरी थांबू द्या. बोलायची सवय लावायचीच असेल तर टोस्टमास्टर्सचे क्लब ठाण्यात पण आहेत आणि नवी मुंबईत पण. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे, तिथे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं आणि कितीदा अं-अं केलं ते मोजायला सुद्धा एक माणूस असतो. आधी पाहुणी म्हणून जाऊन नुसतं बसून बघू दे, आवडलं तरच मेंबर होऊ दे. फी ४० हजारांच्या जवळपाससुद्धा जात नाही.

अप्रेझलचा फॉर्म भरला की सबमिट करायच्या आधी मला पाठवायला सांगा, पार्ट्यांची नावं खोडून. मी वाचून लगेच कळवते.