सँडविचचं चिकन पातळ का होतं?

प्रश्न : ताई, मुलीच्या हायस्कूल बँडच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, स्लो कुकरमधून (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातून) गरम चिकन सँडविचचं सारण न्यायचंय. घरी करून पाहिलं तर चिकन छान शिजलं, पण सगळं पातळ; बन भिजून गेले. फ्रीझरमधलं चिकन थेट टाकलं तर चालेल का? आणि सपक लागतं म्हणून गरम मसाला घालू का?
– एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : स्लो कुकरमध्ये कढईसारखं आटत नाही. झाकणामुळे वाफ आतच राहते आणि चिकनला सुटलेलं पाणीही. त्यामुळे तीन पौंड बोनलेस चिकनला क्रीम ऑफ चिकन सूपचे दोन डबे आणि भरपूर मिरपूड पुरे, वरून पाणी नको. मीठ आत्ता घालू नका, सूप खारट असतं आणि शेवटी घालायचे क्रॅकर्सही (पातळ, खारी बिस्किटं).

गोठलेलं चिकन मात्र अजिबात नको. कुकर सावकाश तापतो, तोवर ते 4 ते 60 अंश सेल्सियसच्या मधे फार वेळ राहतं आणि जंतू तिथेच फोफावतात. आदल्या दिवशी सकाळीच फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. ‘लो’वर साधारण चार तास लागतात, पण घड्याळावर जाऊ नका, सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसून 74 अंश बघा. सारखं झाकण उघडू नका, दर वेळी उष्णता जाते.

आता खरी गोष्ट क्रॅकर्सची. चिकन ताटात काढून दोन काट्यांनी तंतू सुटे करा, परत कुकरमध्ये घाला. मग रिट्झ या कंपनीच्या क्रॅकर्सच्या एका लांब पुड्यातले अर्धे क्रॅकर्स हातानेच चुरून मिसळा आणि पंधरा मिनिटं थांबा. चुरा रस पितो, फुगतो, सारण आळतं. मग लागतील तसे उरलेले घाला. डावाने बनवर घातलेला ढीग पसरला नाही, कडेने पाणी सुटलं नाही, की झालं. सगळे एकदम ओतलेत तर थंड झाल्यावर त्याचा लगदा होतो.

गरम मसाला नको, अगदी मनापासून सांगते. इथे ओहायोत फुटबॉलच्या सामन्यांना, चर्चच्या जेवणांना, ग्रॅज्युएशनच्या पार्ट्यांना मुलं हेच मऊ, मिरपुडीचं चिकन खात मोठी होतात. त्यांना तीच चव हवी असते, आणि नीट आळलेलं असलं की ते सपक लागत नाही. घरच्यांसाठी वाटीभर बाजूला काढून हिरवी मिरची, कोथिंबीर घाला. फार छान लागतं.

एवढ्यात पंधराएक सँडविच होतात. बन साधे मऊच घ्या, सोबत काकडीच्या पिकलच्या चकत्या. तिथे कुकर ‘वॉर्म’वर ठेवा, पण गार झालेलं सारण ‘वॉर्म’वर तापवू नका, आधी गॅसवर चांगलं वाफाळू द्या. आणि कुकरशेजारी चिठ्ठी लावा : यात गहू आणि दूध आहे. बँडमध्ये कुणाला तरी ते चालत नसतं.