जुन्या गेमचं ओपन सोर्स रूप करताना मूळ चित्रं आणि आवाज सोबत वाटले तर चालतं का?

कोड पूर्ण माझा, गेम नव्वदच्या दशकातला, आता कुठे विकत मिळत नाही, मी पैसेही घेणार नाही; मग मूळची चित्रं आणि आवाज सोबत देऊन गिटहबवर आणि प्ले स्टोअरवर टाकलं तर काय बिघडतं, असं तू विचारलंयस. बिघडतं. टाकू नकोस. तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

"विकत मिळतच नाही, मग कोणाचं नुकसान?" हे वाक्य मी २००८ साली असंच्या असं ऐकलंय. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका गाळ्यात, माझ्या मामेभावाच्या तोंडून. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मामेभावाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. असेंबल्ड पीसी, विंडोज टाकून देणं, आणि काउंटरवर सीडींची चळत. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि रात्री ओपनटीटीडी खेळायचो. क्रिस सॉयरचा ट्रान्सपोर्ट टायकून १९९४ चा, पुढे त्याची डिलक्स आवृत्ती आली. २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेउसनं तो गेम आतून उकलून सी भाषेत पुन्हा लिहिला आणि जीपीएल नावाच्या लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला केला; तेच ओपनटीटीडी. पण कोड नवा झाला तरी डोंगर, झाडं, रूळ, आवाज सगळं मूळच्या सीडीवरूनच आणावं लागायचं. त्या फायली नसतील तर गेम सुरूच होत नसे.

मला त्यात आपली एसटी हवी होती. जुन्या सीबीएस स्टँडवर वही घेऊन बसायचो. त्या गेममध्ये प्रत्येक गाडीची आठ दिशांनी आठ चित्रं लागतात. समोरून, मागून आणि दोन बाजूंनी सोपं असतं. उरलेल्या चार तिरक्या चित्रांत कस लागतो, कारण अख्खी बस वीस-पंचवीस पिक्सेलांत बसवायची आणि तरी बघणाऱ्याला क्षणात लाल डबा ओळखू आला पाहिजे. रंग मोजून २५६, तेही गेमनं ठरवलेले. त्यातल्या काही निळ्या छटा खेळणाऱ्याच्या कंपनीच्या रंगासाठी राखीव. काही छटा पाण्यासाठी, त्या सतत हलतात. मी खिडक्यांच्या काचांना नेमक्या त्याच वापरल्या होत्या. पहिल्यांदा बस रस्त्यावर आली तेव्हा रामकुंडावर उन्हात पाणी चमकतं तशा काचा चमचमत होत्या. आठही चित्रं पुन्हा रंगवली. साधी गाडी, मग एशियाड, मग थांब्याची शेड. सगळ्या मिळून चार महिन्यांच्या रात्री गेल्या. शेवटी एक रीडमी, म्हणजे सोबत द्यायची माहितीची फाईल, लिहिली: माझं नाव आणि जीपीएल.

मामेभावाला कौतुकानं दाखवलं, त्यानं कॉपी करून घेतलं. दोन महिन्यांनी म्हसरूळला एका मित्राच्या खोलीवर एक सीडी दिसली. वर मार्करनं लिहिलेलं: 'एसटी गेम'. आत ओपनटीटीडी, मूळ गेमच्या चित्रांच्या सगळ्या जीआरएफ फायली, आवाजांची फाईल आणि माझ्या बसगाड्या. रीडमी नव्हती. लायसन्सची फाईलही नव्हती. किंमत ४० रुपये.

पंचवटीत मामाच्या घरी भांडण झालं. मामी म्हणत होती, बसची चित्रं काढली म्हणून कोणी भांडतं का? मी पैशांवरून भांडलो, आणि ते भांडण चुकीचं होतं. जीपीएलखालची गोष्ट विकता येते, ४० ला काय, ४०० लाही. अट वेगळी आहे: लायसन्सची प्रत सोबत द्यायची, आणि सोर्स कोड द्यायचा नाहीतर मागेल त्याला देऊ असं लेखी वचन द्यायचं, निदान तीन वर्षांसाठी. त्यानं दोन्ही केलं नव्हतं. पण हे मला तेव्हा नीट मांडता आलं नाही. मग मी म्हणालो, निदान माझं नाव तरी ठेवायचंस.

त्यावर तो म्हणाला, "आणि मूळची चित्रं ज्यानं काढली, त्याचं नाव तू कुठे लिहिलंयस?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडची मूळ गेमची सीडी तरी कुठे विकत घेतलेली होती? त्याच्याच चळतीतली. त्या रात्री मी शोधलं. ट्रान्सपोर्ट टायकूनची चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत जॉन ब्रूमहॉलचं. तोही माणूस कुठेतरी तसाच तिरक्या गाड्यांवर रात्री घालवत बसला असणार.

मामेभावाचा मुद्दा बरोबर होता, त्यातून त्यानं काढलेला अर्थ चूक. त्याच्या मते कोणाचंच नाव नको, सगळं सगळ्यांचं. माझ्या मते दोघांचंही नाव हवं, आणि ज्याची परवानगी नाही त्याचं काम घ्यायचं नाही. सतरा-अठरा वर्षं झाली, आमचं यावर एकमत नाही.

विकत मिळत नाही म्हणजे बेवारस, हा समज डोक्यातून काढ. जुन्या नाशकात कितीतरी वाडे वर्षानुवर्षं कुलूपबंद आहेत. म्हणून कोणी जाऊन भाडेकरू ठेवत नाही. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढत जातात तसंच इथेही होतं: ट्रान्सपोर्ट टायकून बाजारात आणणारी मायक्रोप्रोझ कंपनी १९९८ मध्ये हॅसब्रोनं घेतली, पुढे हॅसब्रोचा तो धंदा इन्फोग्रामकडे गेला. मालक शोधायला अवघड झाला एवढंच, नाहीसा झाला नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पैसे न घेणं ही पळवाट नाही, त्यानं फार तर शिक्षा कमी होऊ शकते. कायदेशीर घेतलेल्या प्रतीची स्वतःपुरती प्रत करायला, किंवा प्रोग्राम कसा चालतो हे अभ्यासायला कलम ५२ मुभा देतं. वाटायला देत नाही.

२०२१ मध्ये ओपनटीटीडी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आलं, तेव्हा एका लग्नात मामेभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, बघ, राजरोस वाटतायत, कोणाला काही झालं का? त्याला मी तिथेच सांगितलं आणि तुलाही सांगतो. २०१० मध्ये १.० आवृत्ती आली, तोवर लोकांनी ओपनजीएफएक्स नावाचा चित्रांचा संच शून्यापासून काढला होता. हजारो चित्रं, वेगवेगळ्या माणसांनी फुकट वेळ देऊन. आवाज नवे, संगीत नवं. मूळची एक फाईल लागत नाही, म्हणून ते स्टीमवर जाऊ शकलं. डूम या जुन्या शूटिंग गेमचंही तेच. कोड १९९७ मध्ये खुला झाला, १९९९ मध्ये जीपीएलखाली आला, पण चित्रं-आवाज खुले झाले नाहीत. म्हणून त्यासाठी खुली चित्रं करणाऱ्या फ्रीडूमवाल्यांनी राक्षस नव्यानं काढले.

तेव्हा तुझ्यापुढे तीन वाटा. खेळणाऱ्यानं स्वतःकडच्या फायली आणायच्या, रोलरकोस्टर टायकून २ चं खुलं रूप ओपनआरसीटी२ अजून तसंच चालतं. किंवा मालकाला विचारायचं. रिव्होल्यूशन कंपनीनं २००३ मध्ये आपला 'बिनीथ अ स्टील स्काय' गेम मोफत केला आणि जुने गेम नव्या मशिनवर चालवणाऱ्या स्कमव्हीएमच्या लोकांना मूळ कोडही दिला. किंवा स्वतः काढायचं. मी तिसरीच वाट सांगेन. चित्रं येत नाहीत हे कारण सांगू नकोस, मलाही येत नव्हती.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. 'कोड पूर्ण माझा' म्हणजे नेमका कसा? गेम बघून लिहिलास, की मूळ गेमची एक्झी, म्हणजे चालणारी फाईल, उकलून? व्हाइस सिटी आणि जीटीए थ्री हे गेम उकलून पुन्हा लिहिणाऱ्यांनी चित्रं दिलीच नव्हती, खेळणाऱ्यानं आपली आणायची होती. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या गेमची मालक कंपनी टेक-टूनं गिटहबवरून ते उतरवायला लावलं आणि सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात खटला भरला. ओपनटीटीडीची सुरुवातही उकलूनच झाली होती, पण म्हणून ती वाट सगळ्यांना सुखरूप लाभेल असं समजू नकोस. कल्पनेवर हक्क नसतो हे आपल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सांगितलं आहे, पण मांडणीवर असतो. २०१२ मध्ये अमेरिकेत टेट्रिससारखा हुबेहूब गेम करणारे, स्वतःचा कोड लिहूनही हरले. गेमचं नाव हा ट्रेडमार्कचा वेगळा विषय, तेही बदल. मी वकील नाही. कंपनीचं पत्र आलं तर मला नाही, वकिलाला दाखव.

प्ले स्टोअरचं थोडक्यात सांगतो. तक्रार आली की ॲप आधी उतरतं, म्हणणं नंतर ऐकलं जातं. आपल्या २०१३ च्या नियमांतही तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तरच तो पुन्हा सुरू करता येतो.

आणि रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या तुझ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक चित्राशेजारी कोणी काढलं आणि कोणत्या लायसन्सखाली, हे आजपासून लिहायला लाग. नंतर कोणालाच आठवत नाही.

माझ्या बसच्या चित्रांच्या पीसीएक्स फायली अजून आहेत, काचा दुरुस्त केलेल्या. तुझा गेम तिरक्या दृश्याचा असेल तर साधी आणि एशियाड दोन्ही घे. रीडमी मात्र सोबत ठेव.