बेळगावहून आंबोलीमार्गे वेंगुर्ला-मालवण: आई व्हीलचेअरवर आहे, जेवायला कुठे थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या शहापूरहून स्वतःच्या गाडीने निघून दोन दिवसांत आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला आणि मालवण करायचं आहे. आई 72 वर्षांच्या, व्हीलचेअरवर, एक पायरीही चढू शकत नाहीत. समुद्र दिसावा, मासे चांगले मिळावेत आणि आईंना उचलून न्यायची वेळ येऊ नये.

पहिली गोष्ट, हॉटेलांच्या नावांची यादी इथे कामाची नाही. आपल्याकडे रॅम्प असला तरी त्यावर दुचाकी लागलेल्या असतात, आणि नूतनीकरण झालं की तळमजल्यावरचा फॅमिली विभाग सहज वरच्या मजल्यावर जातो. कोकणात तर जवळजवळ प्रत्येक खानावळीला दोन-तीन पायऱ्या असणारच. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून जोतंच उंच बांधतात. मासे सिंधुदुर्गात बहुतेक ठिकाणी चांगले मिळतात, सपाट दार मात्र शोधावं लागतं. म्हणून आधी दार, मग संडास, मग टेबल आणि शेवटी चव, या क्रमाने जागा निवडा.

निघण्याआधी घरी इंच टेप घेऊन खुर्ची मोजा. चाकांबाहेरच्या, हाताने फिरवायच्या कड्यांसकट साधी घडीची खुर्ची 25-26 इंच भरते. हॉटेलांच्या संडासाचं दार बऱ्याचदा 24 ते 28 इंचांचं असतं, आणि दार पूर्ण उघडलं तरी फळीच्या जाडीचा इंच-दीड इंच जातोच. त्यामुळे 30 इंच मोकळी जागा मिळाली तरच निर्धास्त व्हा. दुसरं माप हातांच्या टेकूच्या उंचीचं. जमिनीपासून ते 28-29 इंच असतं आणि टेबलाखालची आडवी पट्टी नेमकी तिथेच अडते. मग आई ताटापासून फूटभर लांब राहतात आणि रस्सा साडीवर सांडतो. टेकू निघत असतील तर जेवताना काढून ठेवा. निघत नसतील तर टेबलाच्या टोकाला, जिथे खाली आडवी पट्टी नसते, तिथे खुर्ची लावा. भिंतीला ठोकलेले बाक असलेली जागा सरळ नाकारा.

फोन आदल्या दिवशी दुपारी चार-पाचच्या सुमाराला करा, तेव्हा मालकाला बोलायला वेळ असतो. "व्हीलचेअर चालेल का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "या की, पोरं आहेत, उचलून घेतील." हे चांगुलपणानेच म्हणतात, पण तुम्हाला नको आहे ते नेमकं हेच. त्याऐवजी विचारा: गाडी लावतो तिथपासून टेबलापर्यंत पायऱ्या किती? खुर्च्या सुट्या की बाक? कमोड त्याच मजल्यावर आहे का, आणि त्याच्या दाराशी उंबरठा किंवा पायरी आहे का? मग दाराचा आणि संडासाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा. दारात पायऱ्या असल्या तरी अंगणात किंवा मांडवात टेबल लावाल का, हेही विचारून ठेवा. घरगुती खानावळीत अंगण बहुतेक वेळा सपाट असतं आणि तिथे वारा आतल्या खोलीपेक्षा चांगला लागतो.

आता वाट. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली 65-70 किलोमीटर आहे. रस्ता आणि धुकं बघून दोन तास धरा. सकाळचं खाणं घरीच आटपा आणि ते हलकं असू द्या, कारण आंबोलीच्या पुढे दाणोलीपर्यंत घाट वळणावळणाने उतरतो आणि भरल्या पोटी मळमळतं. सोबत बुत्ती असू द्या: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही वेगळ्या डब्यात. गाडीत बसून खाता येतं आणि वाटेतल्या हॉटेलात पायऱ्या निघाल्या तरी हाल होत नाहीत.

आंबोलीत बसून जेवण्याचा बेत मी करणार नाही. धबधब्याजवळच्या टपऱ्यांवर भजी, कणीस, चहा सगळं मिळतं, पण सगळ्या रस्त्याच्या कडेला. खडी, ओल आणि शनिवार-रविवारची गर्दी यांत खुर्ची उतरवायला जागाच नसते. पावसाळ्यात धबधबा गाडीच्या काचेतूनही छान दिसतो. गावातच गाडी बाजूला लावून आईंना जागेवर चहा द्या.

जेवायला सावंतवाडी. आंबोलीहून ती 30-एक किलोमीटर आहे, आणि या वाटेवर बसून जेवायला मला हेच गाव सगळ्यांत सोयीचं वाटतं. मोती तलावाच्या काठचा रस्ता सपाट आहे, जेवणानंतर खुर्ची फिरवता येते. इथे एक युक्ती खरोखर उपयोगी पडते. नुसती खानावळ न शोधता लॉजला जोडलेलं हॉटेल शोधा आणि तळमजल्यावरची किंवा लिफ्टने जाता येईल अशी कमोडवाली खोली दोन-तीन तासांसाठी घ्या. आईंना पाठ टेकता येते, संडासाची काळजी मिटते, आणि जेवण खोलीतही मागवता येतं. संडासाच्या धास्तीने व्हीलचेअरवरची माणसं प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि कोकणच्या दमट उकाड्यात ते अंगाशी येतं. खोलीचं भाडं मी जेवणाच्या खर्चातच धरेन. कुडाळला हायवेलगत थांबणार असाल तरी हीच पद्धत. तिथल्या हॉटेलांसमोर गाडी लावायला जागा मोठी असते, पण ती खडीची की काँक्रीटची हे आधी विचारा. खडीवर खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात आणि माणूस पुढे झुकतो.

सव्वाबाराला टेबलावर पोचायचं ठरवा. एकनंतर गर्दीत वाढपी खुर्चीच्या मागून ताटं घेऊन फिरत असतात आणि तीननंतर मासळीची थाळी संपलेली असते.

काय मागवायचं? आईंना काटे काढायला त्रास होत असेल तर सुरमईची मधली तुकडी घ्या. तिच्यात मधला जाड काटा असतो, तो काढला की काम झालं. मोरीला (लहान शार्क माशाला) हाडं नसतात, फक्त कूर्चा असते, त्यामुळे मोरीचं मटण निर्धास्त खाता येतं. बांगडा चवीला उत्तम, पण त्याचे बारीक काटे बोटांनीच शोधावे लागतात. पेडवे आणि तारले तर टाळाच. बांगड्याच्या कालवणात तिरफळं असतात, ती चावायची नसतात, म्हणून वाढतानाच बाजूला काढा. कोंबडी-वडे मागवले तर वडे गरमच खायला घ्या, गार झाले की चामट होतात. दात अधू असतील तर तांदळाची भाकरी किंवा घावणे बरे. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत थाळीतली सुरमई ताजी असण्याची शक्यता कमी, तेव्हा खाडीची मासळी किंवा तिसऱ्या (शिंपले) आहेत का ते विचारा.

वेंगुर्ला सावंतवाडीपासून 25-30 किलोमीटर. किनाऱ्यावर बसून खाणं हा सहलीचा खरा आनंद, आणि सगळ्यांत जास्त फसगतही इथेच होते. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची चाकं रुततात आणि ढकलणारा जितका जोर लावतो तितकी ती खोल जातात. खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढा. पुढची चाकं किंचित उचललेली राहिली की निम्मा त्रास कमी होतो. कोरड्या वाळूचा पट्टा ओलांडायला दोन प्लायच्या फळ्या किंवा काथ्याच्या चटया न्या. एकीवर खुर्ची, दुसरी पुढे टाकायची, मग मागची उचलून पुन्हा पुढे. पलीकडची ओली वाळू ओहोटीला चांगली घट्ट असते आणि तिच्यावर खुर्ची बरी चालते.

म्हणून जायची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा. कोकणातला साधा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना 15 धरायचे, म्हणजे सव्वाअकरा, आणि तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळेल, कारण त्या दिवसांत पाणी मागेही जास्त हटतं. अष्टमीच्या संध्याकाळी गेलात तर कोरड्या वाळूतच अडकाल. ओहोटी लागली म्हणून निवांत बसू नका, पाणी वळलं की तासाभरात परत फिरा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग धरतात, त्यामुळे रात्रीच चाकं गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

वाळूत जायचंच नसेल तर वेंगुर्ला बंदराच्या बाजूला गाडीतून उतरून पक्क्या जागेवरून समुद्र बघता येतो. शिरोड्याला वेळागरला सुरूचं बन आहे. झाडांखाली गळलेल्या सुया दाबून बसलेल्या असतात, तिथली जमीन मोकळ्या वाळूपेक्षा घट्ट असते. सावलीत डबा उघडून खायला ती जागा फार चांगली, फक्त वर आलेल्या मुळांकडे लक्ष ठेवा.

मालवणात बाजारपेठेतले रस्ते अरुंद आणि गाडी लावायला अडचण. जेवणासाठी बाजारात न शिरता तारकर्ली-देवबागच्या बाजूला, जिथे मुक्काम तिथेच जेवण, असं ठरवा. खोली घेताना "समुद्राला लागून" या शब्दांवर भुलू नका. समुद्राला लागून म्हणजे बऱ्याचदा खोलीपासून जेवणाच्या मांडवापर्यंत वाळूच असते. खोली, मांडव आणि गाडी यांच्यामध्ये फरशी किंवा काँक्रीटची वाट आहे का, ते फोटोत बघा. चिऱ्याची वाट चालते, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं आणि ढकलणाऱ्याचाच पाय सरकतो. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडीत चढ-उतार करावी लागते, तो बेत सोडा. किल्ला किनाऱ्यावरूनही दिसतो.

एवढं करूनही एखादी पायरी आडवी येतेच. घडीचा रॅम्प नेणार असाल तर गणित लक्षात ठेवा: 1 ला 12 हा सुरक्षित उतार, म्हणजे 6 इंचांच्या एका पायरीला 6 फूट रॅम्प आणि दोन पायऱ्यांना 12 फूट. मागे दणकट माणूस असेल तर 4 फुटांच्या फळीवर एक पायरी निभावते, दोन मुळीच नाही. उचलावंच लागलं तर खुर्ची पाठमोरी करून मागच्या चाकांवर कलती करा. वरच्या पायरीवरच्या माणसाने मुठी धरून ओढायचं, खालच्याने पुढची चौकट धरायची. मदतीला आलेले वेटर हटकून हातांचे टेकू किंवा पाय ठेवायची पट्टी धरतात. ते भाग निघणारे असतात, हातात येतात आणि खुर्ची एका बाजूला कलंडते. उचलण्याआधी बोटाने दाखवून "इथे धरा, इथे नको" असं स्पष्ट सांगा. उतरताना आईंचं तोंड पुढे, खुर्ची मागे कललेली, एकेक पायरी. आणि पट्टा बांधलेला हवाच.

बेत बदलून कारवारकडे जायचं झालं तर फोनवर कोकणी-मराठी चालते, होन्नावरच्या बाजूला कन्नड बरी पडते: "गाली कुर्ची इदे, मेट्टिलु एष्टु इवे?" एवढं विचारलंत तरी पायऱ्यांचा आकडा मिळतो. होन्नावरजवळच्या कासरकोड किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, आणि त्या मानांकनाच्या निकषांत अपंगांसाठी वाट आणि स्वच्छतागृह यांचा समावेश आहे. बेळगावहून तो लांब पडतो, दोन दिवसांत घाई होईल. तीन दिवस असतील तर मी तोच किनारा आधी बघेन.

सावंतवाडी आणि तारकर्लीतले फोटो मागवलेत की इथे टाका. दार, उंबरठा आणि टेबल बघून कुठे थांबावं ते सांगतो.