मुठीवर शिकारी पक्षी

प्रश्न : इंग्लंडमध्ये ९ वर्षांच्या नातवाला पक्षी उद्यानात ससाणे हाताळायला नेणार आहोत. त्याला आधी काय सांगून ठेवावं?

उत्तर : बहुधा हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी देतील, मादी साधारण १ किलोची, स्वभावाने शांत. चामडी हातमोजा डाव्या हातात. मूठ कायम कोपराच्या वर हवी. ती खाली गेली की पक्षी उंच जागा शोधत दंडाकडे चढतो आणि तिथे चामडं नसतं! पायातल्या पट्ट्या अंगठ्याखाली घट्ट धराव्यात. पक्षी फडफडून उलटा लटकलाच तर हात झटकू नये, स्थिर ठेवावा. प्रशिक्षक त्याला अलगद वर बसवतात. पक्ष्याला मुठीवर बोलावताना आपली वाऱ्याकडे पाठ हवी, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. पक्ष्याचा खाऊ म्हणजे कोंबडीच्या पिल्लाचं कच्चं मांस. नंतर हात साबणाने धुवायलाच हवेत.