कस्टमचा फोन येण्याआधी

प्रिय,

तू पाठवलेले स्क्रीनशॉट सगळे वाचले. परदेशातल्या माणसाशी ओळख वाढवलीस यात गैर काही नाही. ऑफिस, लोकल, घरी आलं की स्थळांचा विषय. अशात कुणी आपुलकीने चौकशी केली की जीव गुंततोच. तुला बोल लावायचा नाही. पण मला यात फसवणुकीचा वास येतोय, म्हणून जे खटकलं ते स्पष्टच सांगते.

तो लंडनजवळ राहतो म्हणतो. जुलैत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. सकाळी आठला तू ठाण्याहून ऐरोलीच्या लोकलमध्ये असतेस आणि त्याचा मेसेज येतो, 'आत्ताच नाश्ता झाला.' लंडनला तेव्हा पहाटेचे साडेतीन. एखाद्या दिवशी समजू शकते, रोज कसं? तू त्याला विचारलंस, तुझ्या मुलीची शाळा कधी सुरू होते? लांबलचक उत्तर आलं. त्यात देव आहे, नशीब आहे, तुझे डोळे आहेत, शाळेचा उल्लेखच नाही. असे मजकूर तयार असतात आणि एकाच वेळी अनेकींना जातात. त्यातली दोन-तीन वाक्यं गूगलवर शोध, त्याचा फोटो गूगल लेन्सवर टाक, तिथे फोटोवरून शोध घेता येतो. फोटो दुसऱ्याच नावाने सापडला तर विषय संपला. नाही सापडला तरी तो खरा ठरत नाही. व्हिडिओ कॉलवरही चेहरा बदलता येतो आणि +44 चा, म्हणजे ब्रिटनचा, नंबर कुठेही बसून मिळवता येतो.

आणि 'घरी इतक्यात सांगू नकोस' हे त्याने तीनदा लिहिलंय. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते.

आता त्याने पाठवलंय म्हणतो ते गिफ्टचं पार्सल. कस्टममधून माल सोडवण्याच्या, म्हणजे क्लिअरिंगच्या, कामात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे हे मी ठामपणे सांगू शकते. परदेशातून कुरिअरने माल आला की त्याला एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, असतो आणि तो कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर दिसतो. ड्यूटी सरकारी खात्यात भरली जाते, तिची पावती मिळते. कस्टमचा कुठलाही अधिकारी फोन करून एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. नोटीस पाठवली तर त्यावर डीआयएन हा त्या नोटिशीचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्याच्या अखत्यारीत येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, साइटवर तपासता येतो. 'पार्सलमध्ये पाउंड सापडले, मनी लाँडरिंगची केस होईल' असा फोन आला तर घाबरू नकोस, कट कर. कधी पार्सलऐवजी तो स्वतःच 'दिल्ली विमानतळावर अडकलोय, जवळ रोकड आहे' असं सांगेल. प्रवाशाला परकीय चलन कितीही आणता येतं. नोटा 5000 डॉलरपेक्षा किंवा चेकसकट एकूण रक्कम 10000 डॉलरपेक्षा जास्त असेल तर फॉर्म भरून जाहीर करायचं, एवढंच. त्यावर ड्यूटी नसते.

पार्सलऐवजी क्रिप्टोचं ॲप पुढे आलं तरी तेच समज. त्यात सुरुवातीला थोडे पैसे मुद्दाम काढू देतात, मोठी रक्कम भरली की 'आधी टॅक्स भरा' सुरू होतं. त्याच्यासाठी तुझ्या खात्यात कुणाचे पैसे घेऊ नकोस. खातं गोठतं आणि पोलिसांना उत्तरं तुला द्यावी लागतात.

काही रक्कम आधीच पाठवली असशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे रोखता येण्याची शक्यता असते. चॅट डिलीट करू नकोस, यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून ठेव. खासगी फोटो गेले असतील आणि तो धमकावत असेल तरी पैसे देऊ नकोस. मला सांग, सायबर पोलिसांकडे मी तुझ्यासोबत येईन. आईला सांगायची हिंमत होत नसेल तर तेव्हाही मी शेजारी बसेन.

तूर्तास त्याच्याकडे फक्त एअरवे बिल नंबर माग. जे उत्तर येईल ते तसंच्या तसं मला पाठव.

तुझी,
ताई