मासेमारी नौकेवर लाइफजॅकेट, राफ्ट (जीव वाचवणारा फुगणारा तराफा), बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) सगळं आहे. सुरक्षा आणखी कशी वाढवावी?

तुम्ही सांगितलेलं सामान अपघात झाल्यानंतर लागणारं आहे. ते हवंच. पण मी आधी डेकवर साचणाऱ्या पाण्याकडे बघेन, कारण नौका उलटायला लागली की लाइफजॅकेट शोधायलाही वेळ उरत नाही.

५ मीटर लांब, ४ मीटर रुंद डेकवर १० सेंटिमीटर पाणी थांबलं म्हणजे २ टनांहून जास्त वजन चढलं. शिवाय ते एका जागी बसत नाही. नौका कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. कठड्याच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं याचसाठी असतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांवर फळी ठोकतात किंवा चिंध्या कोंबतात. हे पूर्ण बंद करा. मासे अडवायचेच असतील तर सळ्या लावा. झडपा असतील तर गंजाने किंवा रंगाच्या थरांनी चिकटल्या नाहीत ना, हे प्रत्येक फेरीआधी हाताने ढकलून बघा.

तसंच मासे ठेवायच्या खणाच्या झाकणाचं आणि इंजिनरूमच्या दाराचं. उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं जातं आणि एकच मोठी लाट थेट आत उतरते. तळात पाणी साचल्याचा अलार्म तांडेलाला ऐकू यायला हवा. नुसतं बटण दाबून त्याची चाचणी होत नाही. त्याचा तरंगणारा भाग हाताने उचलून बघा.

नवी विंच (दोर ओढणारं यंत्र), जड जाळी, केबिनच्या टपावर चढवलेले दोर: वरचं वजन असं हळूहळू वाढत जातं. ते ओळखायची सोपी रीत आहे. शांत पाण्यात, दोर सैल सोडून नौका डोलवा आणि एका बाजूकडून निघून पुन्हा त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. ५ डोलांची सरासरी लिहून ठेवा. तेवढ्याच इंधनात आणि बर्फात पुढच्या वेळी आकडा वाढला, तर नौका पूर्वीइतक्या जोराने सरळ होत नाही. अशा नौकेवर आणखी काही चढवू नका, तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

जाळं तळाशी अडकलं तर लाट आडवी घेऊन ओढू नका. उंच कप्पीवरून येणारा ताण नौकेला बाजूला खेचतो. नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, लाटेकडे ठेवा आणि विंचचा ब्रेक लगेच सोडता येईल असा ठेवा. जाळं गेलं तरी चालेल.

जाळं सोडताना पाय दोराच्या वेटोळ्यात अडकूनही माणूस पाण्यात जातो. म्हणून सुटणाऱ्या दोराजवळ कोणी उभं राहू नये, चाकू हाताशी टांगलेला असावा आणि डेकवर काम करताना लाइफजॅकेट अंगावरच असावं. केबिनमध्ये लटकवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. थंड पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय १० मिनिटांच्या आसपास काम करेनासे होतात. भिजलेला माणूस दोघांना हाताने वर घेणं फार कठीण जातं. त्यामुळे काखेखालून घालायचा पट्टा आणि तो उचलणारी विंच यांचा सराव करा, तोही रात्री आणि एक माणूस कमी धरून.

कुजलेल्या माशांच्या खणात प्राणवायू कमी आणि विषारी वायू जास्त असू शकतो. आधी हवा खेळवा. आत पडलेल्याला काढायला लगेच मागोमाग उतरू नका. दुसरा जीव असाच जातो.

आणि राफ्ट. पाण्याच्या दाबाने सुटणारं त्याचं कुलूप साधारण १.५ ते ४ मीटर खोलीवर उघडतं. पण राफ्ट चोरीला जाऊ नये म्हणून वरून वेगळा दोर आवळलेला असेल, तर ते नौकेबरोबरच तळाला जाईल. राफ्टचा ओढदोर (ताणला की राफ्ट फुगवणारा दोर) कुलपाच्या कमकुवत, म्हणजे ताण आला की तुटणाऱ्या, दुव्याला बांधलाय की थेट डेकच्या कडीला, हे आजच बघा. थेट कडीला असेल तर फुगलेलं राफ्टही नौकेमागोमाग खाली ओढलं जातं. कुलपावरची मुदतही वाचा. बरीच कुलपं २ वर्षांनी बदलावी लागतात.