दुर्मीळ ठोके कोणाचे, ते आधी पाहा

प्रश्न : ईसीजीवरून हृदयाचे अनियमित ठोके ओळखण्याचा प्रोजेक्ट मी एमआयटी-बीआयएच डेटावर करते आहे. नॉर्मल ठोके भरमसाट, बाकीचे मोजके. म्हणून स्मोट ही कृत्रिम नमुने बनवणारी पद्धत वापरून सगळ्या क्लासची, म्हणजे ठोक्यांच्या प्रकारांची, संख्या सारखी केली, मग ट्रेनिंग आणि टेस्ट वेगळे काढले. अचूकता ९८ टक्के आली, पण आमच्या सरांना ती पटत नाही. काय चुकलं असेल?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरांची शंका रास्त आहे. स्मोट दोन जवळच्या नमुन्यांच्या मधला नवा नमुना बनवतं. तुम्ही आधी वाढवलंत आणि नंतर वाटणी केलीत, त्यामुळे टेस्टमधल्या ठोक्यांची सख्खी भावंडं ट्रेनिंगमध्ये जाऊन बसली. आधी वाटणी करा, मग वाढवायचं ते फक्त ट्रेनिंगमधलं.

आणि वाटणी ठोक्यांची नको, रुग्णांची करा. हा डेटा म्हणजे ४७ माणसांची अर्ध्या-अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्ड. त्यात अलिंदातून वेळेआधी येणारे ठोके २,५४६ आहेत, आणि त्यातले १,३८२ एकट्या २३२ क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये! म्हणजे तुटवडा ठोक्यांचा कमी, माणसांचा जास्त. एकाच माणसाचे ठोके कितीही वाढवले तरी मॉडेल त्याच माणसाला ओळखायला शिकतं. दे शझाल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पेसमेकरची चार रेकॉर्ड वगळून २२-२२ रेकॉर्डचे दोन गट केले होते. तीच वाटणी घ्या. आकडा घसरेल, घसरू द्या. नव्या रुग्णासमोर मॉडेल काय करेल, ते त्याच आकड्यातून कळतं.

अलिंदातून वेळेआधी येणाऱ्या या ठोक्यांचा आकार बहुतेकदा नॉर्मलसारखाच असतो. ते लवकर येतात, एवढाच फरक. तुम्ही एकेक ठोका कापून मॉडेलला देत असाल तर नेमकी तीच खूण हरवते. आधीच्या आणि पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर, म्हणजे आरआर इंटर्व्हल, सोबत द्या. माझ्या मते कुठल्याही कृत्रिम नमुन्यांपेक्षा याचा फायदा अधिक होईल. शिवाय शिखरं नीट जुळलेली नसताना स्मोटने दोन ठोक्यांच्या मधला ठोका काढला, तर कुठल्याच हृदयात नसलेला दोन शिखरांचा ठोका तयार होतो. त्यापेक्षा लॉस फंक्शनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या चुका मोजणाऱ्या सूत्रात, दुर्मीळ क्लासला जास्त वजन द्या.

एकूण अचूकता अहवालात पुढे आणू नका. या वाटणीत सरसकट ‘नॉर्मल’ म्हणणारं मॉडेलही नव्वदीच्या आसपास जातं. प्रत्येक क्लासचं रिकॉल (खऱ्या ठोक्यांपैकी किती सापडले) आणि प्रिसिजन (सापडले म्हटलेल्यांपैकी किती खरे) वेगवेगळं द्या. रेकॉर्ड २३२ टेस्टच्या गटात येतं, तेव्हा ‘एस’ क्लासचे (अलिंदातून वेळेआधी येणारे ठोके यातच मोडतात) आकडे ते रेकॉर्ड धरून आणि वगळून, असे दोन्ही मांडा.